भाव सांगणारा समालोचक

16 नोव्हेंबर 2008 रोजी पिट्सबर्ग येथे स्टीलर्स आणि चार्जर्स या अमेरिकी फुटबॉल संघांचा सामना 11-10 असा संपला. अगदी शेवटच्या क्षणी चार्जर्सच्या हातून निसटलेला चेंडू उचलून स्टीलर्सचा ट्रॉय पोलामालू गोलरेषेपलीकडे धावला होता, आणि ते 6 गुण धरले असते तर फलक किमान 17-10 असा दिसला असता. पंचांनी आधी ते गुण दिले, मग काढून घेतले, आणि सामन्यानंतर आपली चूक मान्य केली. दोन्ही हिशेबांत विजेता एकच होता, त्यामुळे स्पर्धेच्या दृष्टीने या चुकीने काहीच बिघडले नाही. सट्टेबाजारात मात्र उलथापालथ झाली, कारण तिथला पैसा स्टीलर्स जिंकतील का यावर नव्हे, तर चारपेक्षा अधिक गुणांच्या फरकाने जिंकतील का यावर लागला होता.

या फरकाच्या पैजेला अमेरिकेत ‘पॉइंट स्प्रेड’ म्हणतात. बलवान संघाच्या खात्यातून ठरावीक गुण आधीच वजा धरायचे आणि मग कोणावर पैसे लावायचे ते विचारायचे, एवढीच त्यातली युक्ती आहे. तिच्यामुळे एकतर्फी सामनाही कागदावर जवळजवळ बरोबरीचा होतो, आणि पुढचे सगळे या ‘जवळजवळ’मध्ये दडलेले आहे.

अमेरिकी समालोचकांना हे पूर्वीपासून ठाऊक होते. ते उघड बोलायची मुभा मात्र नव्हती. 1992 च्या संघीय कायद्याने नेवाडासारखे मोजके अपवाद वगळता राज्यांना खेळांवरील सट्ट्याला परवानगी देण्यास मनाई केली होती. त्याआधीही सीबीएस वाहिनीने 1976 ते 1988 या काळात जिमी ‘द ग्रीक’ स्नायडर या लास वेगासच्या जाणकाराला फुटबॉलच्या कार्यक्रमात बसवले होते, पण तो स्प्रेडचा उल्लेख टाळून सामन्याच्या गुणांचे भाकीत करी. समजणाऱ्याने काय ते समजून घ्यावे. समालोचक ब्रेंट मसबर्गर ‘वाळवंटातल्या मित्रांचा’, म्हणजे लास वेगासकरांचा, सहज उल्लेख करून पुढे जात, तर त्यांच्यासारखेच समालोचक अल मायकल्स निकाल लागून चुकलेल्या सामन्यातल्या निरर्थक वाटणाऱ्या गुणांवर मिस्कीलपणे रेंगाळत. 14 मे 2018 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि डोळे मिचकावण्याची गरजच संपली. नोव्हेंबर 2023 मध्ये तर ईएसपीएन या क्रीडावाहिनीने आपले नाव एका सट्टा ॲपला दिले. त्यासाठी पेन एंटरटेनमेंट ही कंपनी 10 वर्षांत दीड अब्ज डॉलर देणार होती. हा संसार दोनच वर्षांत मोडला, पण ज्याच्या तोंडून सामना ऐकायचा त्याच्याच नावाने सट्टा खेळायचा, ही कल्पना कोणालाही अशक्य वाटली नाही.

लपवाछपवीपेक्षा उघडपणा बरा, असे वाटणे साहजिक आहे, आणि त्यात तथ्यही आहे. 2024 मध्ये एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगने जॉन्टे पोर्टर या बास्केटबॉलपटूवर आजन्म बंदी घातली, तेव्हा त्याच्या नावावर लागणाऱ्या संशयास्पद पैजांची खबर परवानाधारक सट्टा कंपन्यांनीच दिली होती. चोरट्या बाजारात अशी खबर देणारा कोणी नसतो. तरीही पडद्यावर भाव, म्हणजे कोणत्या पैजेवर किती पैसे मिळतील याचा आकडा, झळकू लागला की पाहणाऱ्याच्या मेंदूत काय घडते, हा प्रश्न उरतोच.

मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. माकडाला आधी एक खूण दाखवायची आणि थोड्या वेळाने फळांच्या रसाचे थेंब द्यायचे, असा तो प्रयोग होता. सुरुवातीला डोपामिन हे बक्षिसाशी जोडलेले मेंदूतले रसायन स्रवणाऱ्या चेतापेशी रस मिळताच उद्दीपित होत. सवय झाल्यावर त्या रसाला नव्हे, तर रसाची वर्दी देणाऱ्या खुणेला प्रतिसाद देऊ लागल्या. सट्टा खेळणाऱ्या प्रेक्षकासाठी समालोचकाने उच्चारलेला भाव ही अशीच खूण ठरू शकते, आणि पूर्वीची चोरटी सूचना आठवड्यातून एखाद्या वेळी येई, तर आजची दर काही मिनिटांनी येते. 2003 मध्ये याच प्रयोगशाळेतून आणखी एक निष्कर्ष पुढे आला. रस मिळण्याची शक्यता बदलत ठेवली असता, खूण आणि रस यांच्या मधल्या प्रतीक्षेत या पेशींची क्रिया हळूहळू चढत जाते, आणि ती चढण सर्वाधिक असते शक्यता नेमकी 50 टक्के असताना. माकडावरून माणसावर थेट उडी मारू नये हे खरे, पण स्प्रेडचे कामच प्रत्येक सामना 50 टक्क्यांवर आणून ठेवण्याचे आहे, हे लक्षात घेतले की वाहिन्यांना तो का आवडतो याचा उलगडा होतो: 30 गुणांनी पिछाडलेल्या संघाचा सामनाही कोणीतरी श्वास रोखून शेवटपर्यंत पाहत राहतो.

वाहिन्यांचा बचाव असा असतो की आम्ही तर सट्टा कंपन्यांशी असलेले संबंध उघड सांगतो, मग प्रेक्षकाने आपले आपण तारतम्य बाळगावे. या युक्तिवादाची कसोटी पाहणारा एक सुरेख प्रयोग डेलियन केन, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि डॉन मूर या संशोधकांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केला. काचेच्या बरणीत नाणी भरलेली. एकाने ती लांबून पाहून रकमेचा अंदाज करायचा, आणि बरणी जवळून पाहिलेल्या दुसऱ्याने त्याला सल्ला द्यायचा. काही सल्लागारांना, समोरच्याचा अंदाज जितका चढा तितके जास्त पैसे मिळणार होते. हा हितसंबंध उघड केल्यावर सल्लागारांनी आकडा आणखी फुगवला, जणू सांगून टाकल्याने मोकळीक मिळाली. आणि ऐकणाऱ्यांनी सल्ल्यातून थोडीफार वजावट केली, ती पुरेशी नव्हती. मला हा प्रयोग आजच्या समालोचनकक्षाचे छोटे रूप वाटतो, कारण तिथेही बरणी जवळून पाहणारा एकच असतो.

शिवाय जे उघड केले जाते ते अर्धेच. क्रिकेट पाहणाऱ्या मराठी वाचकाला पडद्यावरची ‘विजयाची शक्यता’ परिचित आहे: एका संघाला 62 टक्के, दुसऱ्याला 38, बेरीज 100. बुकीच्या भावातून निघणाऱ्या टक्क्यांची बेरीज मात्र कधीच 100 नसते. स्प्रेडच्या पैजेत 100 डॉलर कमावण्यासाठी सहसा 110 डॉलर लावावे लागतात, म्हणजे तोटा टाळायलाही 210 पैकी 110 वेळा, 52.4 टक्के वेळा, बरोबर ठरले पाहिजे. दोन्ही बाजूंना हाच भाव असल्याने बेरीज 104.8 भरते, आणि वरचा हिस्सा बुकीचा. चार पैजा एकत्र बांधल्या की मोहक परतावा दिसतो, जवळजवळ 13 पट. पण चारही जमण्याची शक्यता, प्रत्येक पैज बरोबरीची आणि एकमेकींपासून स्वतंत्र धरली तर, 16 मध्ये एक आहे. दीर्घकाळात लावलेल्या 100 डॉलरपैकी सुमारे 83 परत येतात. एकेरी पैजेत तेच 95 हून थोडे अधिक येतात. वाहिन्यांवर कौतुक होते ते नेमके या साखळी पैजांचे, आणि ही वजाबाकी समालोचक करून दाखवत नाही. पुरस्कर्त्या सट्टा कंपनीचा नफा पडद्यावर मांडण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणे भाबडेपणाचे आहे, हेही खरे.

ऑस्ट्रेलियाने उलट वाट धरली. 2013 मध्ये तिथल्या रग्बी लीगच्या प्रक्षेपणात टॉम वॉटरहाउस हा प्रत्यक्ष बुकीच तज्ज्ञांच्या रांगेत उभा राहून भाव सांगू लागला, तेव्हा लहान मुलांना तो समालोचकच वाटतो अशी पालकांची ओरड झाली आणि सामना सुरू असताना भाव सांगण्यावर बंदी आली. 2018 मध्ये थेट प्रक्षेपणातल्या सट्ट्याच्या जाहिरातींवरही बंदी आली, पण ती पहाटे 5 ते रात्री 8:30 एवढ्यापुरती. संध्याकाळच्या बहुतेक सामन्यांत साडेआठला खेळ रंगात आलेला असतो. त्यानंतर पडणाऱ्या मध्यंतरात भाव पुन्हा पडद्यावर येऊ शकतो.