फिलिपीन्सच्या नौदलाचे आधुनिकीकरण

दक्षिण चीन समुद्रातील सागरी हद्दीच्या वादात चीनसारख्या बलाढ्य शेजाऱ्याशी गाठ पडल्यावर फिलिपीन्सने आपल्या जुनाट नौदलाची जी फेरउभारणी हाती घेतली, तिचा या नोंदीत विचार केला आहे. या उपक्रमाची कायदेशीर सुरुवात १९९५ साली झाली. प्रत्यक्षात मात्र तो २०१२ नंतरच मार्गी लागला. त्याचा उद्देश चिनी नौदलाशी बरोबरी करण्याचा नाही आणि तसा दावा मनिलानेही कधी केलेला नाही. आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या, संसाधनांवर देशाचा हक्क असलेल्या समुद्रात) हजर राहणे, तेथे काय चालले आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे आणि प्रसंग आलाच तर घुसखोराला तो महागात पडेल एवढी ताकद बाळगणे, इतकाच त्याचा आवाका आहे.

फिलिपीन्स हा ७,६४१ बेटांचा देश असल्यामुळे तेथे समुद्राची राखण हाच संरक्षणाचा गाभा असायला हवा होता. तसे झाले नाही, याची कारणे इतिहासात आहेत. १९४७ च्या करारानुसार सुबिक उपसागरातील नाविक तळ आणि क्लार्क येथील हवाई तळ अमेरिकेकडे होते आणि बाहेरच्या शत्रूची काळजी तिच्यावर सोपवून फिलिपिनो सैन्य देशातील कम्युनिस्ट बंडखोर व मिंदानाओतील मुस्लिम फुटीरतावादी यांच्याशी लढण्यात गुंतले होते. नौदलाचे कामही प्रामुख्याने सैनिकांची ने-आण आणि किनाऱ्यालगतची गस्त एवढ्यापुरते उरले. सप्टेंबर १९९१ मध्ये फिलिपीन्सच्या सिनेटने तळांच्या कराराला मुदतवाढ देण्यास १२ विरुद्ध ११ मतांनी नकार दिला. नोव्हेंबर १९९२ मध्ये शेवटचे अमेरिकन जहाज सुबिकमधून निघून गेले. अमेरिकेबरोबरचा १९५१ चा परस्पर संरक्षण करार कागदावर कायम राहिला. समुद्र मात्र मोकळा पडला.

या मोकळ्या समुद्राची किंमत लवकरच कळली. १९९५ च्या सुरुवातीला मिसचिफ रीफ या प्रवाळ खडकावर चीनने खांबांवर उभी केलेली बांधकामे फिलिपीन्सच्या नजरेस आली. हा खडक पालावान बेटापासून २०० सागरी मैलांच्या आत आहे. फेब्रुवारी १९९५ मध्ये सैन्याच्या आधुनिकीकरणाचा १५ वर्षांचा कायदा मंजूर झाला. पण १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात पेसो कोसळला आणि कायद्यातील बहुतेक योजना फायलींतच राहिल्या. ब्रिटनने हाँगकाँग सोडताना विकलेल्या तीन गस्ती नौका ही त्या काळातील त्यातल्या त्यात मोठी भर होती. एकविसावे शतक उजाडले तेव्हा ताफ्यातील सर्वांत मोठी लढाऊ नौका ‘राजा हुमाबोन’ ही होती. १९४३ साली अमेरिकेत बांधलेली ही नौका मधल्या काळात जपानच्या सेवेतही राहून आली होती. ती २०१८ पर्यंत निवृत्त झाली नाही. नौदलाऐवजी तरंगते संग्रहालय म्हणावे, अशी ही स्थिती होती.

जुन्या जहाजांच्या या साठ्यातील एकाने मात्र वादाच्या इतिहासात वेगळेच स्थान मिळवले. १९४४ साली बांधलेले, दुसरे महायुद्ध आणि व्हिएतनाम युद्ध पाहिलेले रणगाडावाहू जहाज ‘सिएरा माद्रे’ हे फिलिपीन्सने १९९९ मध्ये सेकंड थॉमस शोल, अर्थात आयुंगिन, या उथळ प्रवाळ खडकावर मुद्दाम रुतवले. मिसचिफ रीफवर चीन ठाण मांडून बसल्याला दिलेले ते उत्तर होते. तेव्हापासून नौसैनिकांची एक छोटी तुकडी आळीपाळीने त्यावर राहते. पत्रे गंजून त्यांना भोके पडली आहेत, भरतीच्या वेळी लाटा थेट सांगाड्यावर आदळतात आणि अन्न, पिण्याचे पाणी व डागडुजीचे सामान लहान लाकडी होड्यांतून पालावानहून सुमारे १०५ सागरी मैल आणावे लागते. भंगारात निघावे असे हे जहाज नौदलाच्या यादीतून काढलेले नाही, आणि त्यामागे हिशोब आहे: सेवेत असलेल्या जहाजावरील सशस्त्र हल्ला परस्पर संरक्षण कराराच्या कक्षेत येतो. म्हणजे हलू न शकणारी ही नौका कदाचित संपूर्ण ताफ्यातील सर्वांत उपयोगी युद्धनौका ठरली आहे.

आधुनिकीकरणाला खरा वेग आला तो स्कारबरो शोलच्या घटनेमुळे. लुझोन बेटाच्या पश्चिमेस सुमारे १२० सागरी मैलांवर असलेल्या या खडकाच्या खाजणात एप्रिल २०१२ मध्ये चिनी मासेमारी नौका आढळल्या. ‘ग्रेगोरिओ देल पिलार’ या नौकेवरील पथकाने त्यांची तपासणी केली, तेव्हा प्रवाळ, महाकाय शिंपले आणि जिवंत शार्क सापडले. अटक होण्याआधीच चिनी सागरी निगराणी जहाजे मधे येऊन उभी राहिली. ‘ग्रेगोरिओ देल पिलार’ हे जहाजही नवे नव्हतेच. १९६७ पासून अमेरिकन तटरक्षक दलात राबलेले ते जहाज फिलिपीन्सने २०११ मध्ये मालाम्पाया येथील नैसर्गिक वायूच्या उत्पन्नातून पैसा काढून घेतले होते आणि ताबा देण्यापूर्वी अमेरिकेने त्यावरील काही शस्त्रे उतरवून घेतली होती. तरीही रंगाने आणि दर्जाने ती युद्धनौकाच असल्यामुळे, नागरी जहाजांसमोर युद्धनौका आणल्याचा ठपका चीनने ठेवला. मनिलाने ती मागे घेऊन तटरक्षक दलाचे जहाज पाठवले. जूनमध्ये फिलिपिनो जहाजे परतली, चिनी मात्र राहिली, आणि तेव्हापासून त्या खडकावर चीनचा व्यवहारतः ताबा आहे.

डिसेंबर २०१२ मध्ये सुधारित आधुनिकीकरण कायदा झाला. त्यानुसार २०१३ ते २०१७, २०१८ ते २०२२ आणि २०२३ ते २०२८ असे तीन टप्पे ठरले. त्यांना तेथे ‘क्षितिजे’ म्हणतात. समांतरपणे जानेवारी २०१३ मध्ये फिलिपीन्सने सागरी कायद्याच्या संयुक्त राष्ट्रसंघीय कराराखाली लवादाकडे धाव घेतली. १२ जुलै २०१६ रोजी आलेल्या निवाड्याने, चीन नकाशावर दक्षिण चीन समुद्राच्या बहुतेक भागाभोवती काढत असलेल्या ‘नऊ तुटक रेषां’आतील संसाधनांवरील त्याच्या ऐतिहासिक हक्काच्या दाव्याला कायदेशीर आधार नसल्याचे सांगितले आणि मिसचिफ रीफ व सेकंड थॉमस शोल हे फिलिपीन्सच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात येतात असे ठरवले. बेटांच्या मालकीचा प्रश्न लवादाच्या अधिकारात नव्हता. चीनने निवाडा धुडकावला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी कोणतीही यंत्रणा नसल्यामुळे न्यायालयात जिंकलेले पाणी प्रत्यक्ष राखण्याचे ओझे पुन्हा नौदलावरच आले.

नव्या ताफ्याचा कणा दक्षिण कोरियात घडला. ह्युंदाई हेवी इंडस्ट्रीजशी २०१६ मध्ये सुमारे १६ अब्ज पेसोंचा करार होऊन ‘होसे रिझाल’ (२०२०) आणि ‘आंतोनिओ लुना’ (२०२१) ही १०७ मीटर लांबीची, २,६०० टनी फ्रिगेट जहाजे (मध्यम आकाराच्या युद्धनौका) दाखल झाली. देशासाठी मुद्दाम बांधून घेतलेल्या, क्षेपणास्त्रे व पाणतीर (टॉर्पेडो) या दोन्हींनी सज्ज अशा या पहिल्याच युद्धनौका होत. जहाजावरील सर्व शस्त्रे व संवेदक एकत्र चालवणारी संगणकप्रणाली कोणाची घ्यावी यावरून मात्र मोठा वाद झाला. नौदलाला पसंत असलेली प्रणाली बाजूला पडली आणि आक्षेप लावून धरणारे नौदलप्रमुख रोनाल्ड मेर्काडो यांना डिसेंबर २०१७ मध्ये पद सोडावे लागले. उभ्या नळ्यांतून डागायच्या विमानवेधी क्षेपणास्त्रांसाठी या जहाजांवर जागा ठेवली, पण ती रिकामीच राहिली. ही उणीव पुढच्या जोडीत भरून निघाली. सुमारे २८ अब्ज पेसोंच्या करारातून बांधलेली ‘मिगेल माल्वार’ व ‘दिएगो सिलाङ’ ही अधिक मोठी, सुमारे ३,२०० टनी जहाजे अशा सोळा नळ्यांसह आली आणि त्यांपैकी पहिले मे २०२५ मध्ये ताफ्यात सामील झाले. त्याच नावाची आधीची ‘मिगेल माल्वार’ ही महायुद्धकालीन नौका २०२१ च्या अखेरीपर्यंत कामावर होती. सहा गस्ती जहाजेही कोरियातच बांधायला दिली आहेत. याखेरीज इंडोनेशियाने ‘तारलाक’ वर्गातील मोठी वाहतूक जहाजे, तर इस्रायलने किनाऱ्यालगत झपाट्याने धावणाऱ्या क्षेपणास्त्र नौका पुरवल्या.

किनाऱ्यावरून समुद्रावर मारा करण्याची क्षमता हा या उपक्रमातील सर्वांत अर्थपूर्ण भाग आहे, आणि येथे भारताचा थेट संबंध येतो. जानेवारी २०२२ मध्ये फिलिपीन्सने ब्रह्मोस या भारत-रशिया संयुक्त क्षेपणास्त्राच्या तीन किनारी तुकड्या सुमारे ३७.५ कोटी डॉलरना खरेदी करण्याचा करार केला. ब्रह्मोसची ही पहिलीच निर्यात होय. ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाने, अखेरच्या टप्प्यात लाटांना चिकटून जाणाऱ्या या क्षेपणास्त्राची पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये पोहोचली. ते नौदलाच्या मरीन दलाकडे दिले आहे. निर्यातीच्या आवृत्तीचा पल्ला २९० किलोमीटर आहे, आणि लुझोनच्या झांबालेस किनाऱ्यापासून स्कारबरो शोल सुमारे २२० किलोमीटर. हे दोन आकडे शेजारी ठेवले की खरेदीमागचा विचार वेगळा सांगावा लागत नाही. एका फ्रिगेटच्या तुलनेत ट्रकवरून जागा बदलणारा प्रक्षेपक शोधणे अवघड आणि गमावणे स्वस्त. ब्रह्मोसच्या जोडणीचे एक केंद्र नागपुरात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांच्या नौदलांनी दक्षिण चीन समुद्रात प्रथमच एकत्र फेरी मारली, तेव्हा भारतीय जहाजांत मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘आयएनएस दिल्ली’ ही विनाशिका होती.

असे असूनही रोजच्या झटापटीत नव्या युद्धनौका क्वचितच पुढे दिसतात. चीन आपले तटरक्षक दल आणि मासेमारी नौकांच्या रूपातील सागरी मिलिशिया पुढे करतो, युद्धनौका क्षितिजावर ठेवतो, आणि गोळी न झाडता पाण्याचे जोरदार फवारे, धडका व वाट अडवणे यांवर भागवतो. अशा वेळी राखाडी रंगाची युद्धनौका पुढे नेली तर चिथावणीचा दोष आपल्यावर येतो, हा २०१२ चा धडा मनिला विसरलेली नाही. म्हणून फिलिपीन्सच्या बाजूनेही पांढऱ्या रंगाची तटरक्षक जहाजेच तोंड देतात, आणि त्यांतील बरीच जपानी कर्जातून आली आहेत. १७ जून २०२४ रोजी ‘सिएरा माद्रे’कडे रसद नेणाऱ्या नौदलाच्या रबरी होड्यांना चिनी तटरक्षकांनी घेरले. कुऱ्हाडी आणि सुरे दाखवत त्यांनी होड्या फाडल्या आणि या झटापटीत एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. कोट्यवधी डॉलरच्या फ्रिगेटला या प्रसंगात काही करण्याजोगे नव्हते. पुढच्याच महिन्यात रसदीबाबत दोन्ही देशांत तात्पुरता समझोता झाला. स्कारबरोजवळ ११ ऑगस्ट २०२५ रोजी तर ‘सुलुआन’ या ४४ मीटरच्या फिलिपिनो तटरक्षक नौकेचा पाठलाग करताना चिनी तटरक्षक जहाज चीनच्याच विनाशिकेवर आदळले.

पैशाची ओढाताण आजही आहे. जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस (धाकटे) यांनी तिसऱ्या क्षितिजाची फेरमांडणी मंजूर केली. दहा वर्षांत सुमारे दोन लाख कोटी पेसो खर्चाच्या त्या योजनेत देशाच्या पहिल्या पाणबुड्यांचाही समावेश आहे. पाणबुडी विकत घेणे एक आणि ती बाळगणे दुसरे: प्रशिक्षित कर्मचारी, खास धक्का, बचाव यंत्रणा आणि सुट्या भागांचा कायमचा पुरवठा यांवरचा खर्च मूळ किमतीच्या मागोमाग येतच राहतो. वेगवेगळ्या देशांकडून घेतलेल्या जहाजांची देखभाल एकाच छताखाली आणणे हेही अशाच स्वरूपाचे काम आहे. त्यासाठी नौदलाने सुबिकमध्ये पाय रोवले असून, कोरियन कंपनी हानजिनच्या दिवाळखोरीनंतर बंद पडलेल्या तेथील मोठ्या गोदीचा एक भाग भाड्याने घेतला आहे. अमेरिकन आरमार ज्या उपसागरातून १९९२ मध्ये निघून गेले, तेथे आता फिलिपीन्सची नवी फ्रिगेट जहाजे नांगर टाकतात.