१३.३८ ते १२.७८

चीनमधल्या चेंगदूला ऑगस्ट २०२३ मध्ये जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत महिलांची १०० मीटर हर्डल्सची (अडथळ्यांची) अंतिम शर्यत झाली. स्लोव्हाकियाची व्हिक्टोरिया फोर्स्टर १२.७२ सेकंदांत पहिली आली, यजमानांची वू यान्नी १२.७६ सेकंदांत दुसरी आणि विशाखापट्टणमची ज्योती याराजी १२.७८ सेकंदांत तिसरी. सुवर्ण आणि कांस्य यांच्यात सेकंदाचे सहा शतांश! ज्योतीची ती वेळ नवा राष्ट्रीय विक्रम ठरली. पण हा आकडा चेंगदूत एका दिवसात उगवला नव्हता.

विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांची कल्पना जुनी. फ्रान्सच्या जाँ पतिजाँ यांच्या पुढाकाराने १९२३ मध्ये पॅरिसला पहिली स्पर्धा झाली. मधल्या काळात युद्ध आलं, मग शीतयुद्धाची फाटाफूट. दोन्ही गटांचे विद्यार्थी १९५९ मध्ये इटलीतल्या तुरिन शहरात एकत्र धावले आणि तिथून ‘युनिव्हर्सियाड’ हे नाव रूढ झालं. सुवर्णविजेत्याच्या राष्ट्रगीताऐवजी ‘गाउदेआमुस’ हे विद्यार्थ्यांचं जुनं लॅटिन गीत वाजवण्याची रीतही तुरिनचीच. चेंगदूची स्पर्धा खरं तर २०२१ ची. कोरोनामुळे ती दोन वर्षं लांबली.

तुरिनच्या काळात मुली १०० मीटर हर्डल्स धावतच नव्हत्या. त्यांची शर्यत ८० मीटरची होती: आठ अडथळे, प्रत्येकाची उंची ७६ सेंटिमीटर, दोन अडथळ्यांत आठ मीटर अंतर. उंच, वेगवान मुलींना त्या आठ मीटरांत पाय आखडून धावावं लागे. १९६९ पासून अंतर १०० मीटर झालं, अडथळे दहा झाले, उंची ८४ सेंटिमीटरवर गेली. पहिला अडथळा १३ मीटरांवर, पुढे दर साडेआठ मीटरांवर एक आणि शेवटच्यानंतर साडेदहा मीटरांची मोकळी धाव. दोन अडथळ्यांमध्ये तीनच पावलं टाकायची. एक पाऊल आखूड पडलं की चौथं टाकावं लागतं, उडीचा पाय बदलतो आणि सगळी लय विस्कटते. विद्यापीठ स्पर्धेतली ही शर्यत किती वेगवान असू शकते हे अमेरिकेच्या वॅश्टी थॉमसने रशियातल्या कझानला २०१३ मध्ये १२.६१ सेकंद नोंदवून दाखवलं होतं.

भारतात मात्र घड्याळ थांबल्यासारखं होतं. ओडिशाच्या अनुराधा बिस्वालने २००२ मध्ये नोंदवलेले १३.३८ सेकंद जवळपास वीस वर्षं अबाधित राहिले. ते पहिल्यांदा ओलांडले गेले तेही विद्यार्थ्यांच्याच मैदानावर. जानेवारी २०२० मध्ये कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत ज्योतीने १३.०३ सेकंद दिले. पण तिथे तिची उत्तेजक चाचणी झाली नाही, म्हणून विक्रम कागदावर चढला नाही. धावणाऱ्या मुलीचा यात काय दोष, हा प्रश्न मला आजही पडतो.

एप्रिल २०२२ मध्ये कोळिकोडला १३.०९. या वेळी आड आला वारा. विक्रमासाठी पाठीवरच्या वाऱ्याचा वेग सेकंदाला दोन मीटरपर्यंतच मान्य असतो. तेव्हा तो २.१ होता. अखेर मे महिन्यात सायप्रसला १३.२३ सेकंदांची नोंद झाली आणि जुना विक्रम अधिकृतपणे मोडला. म्हणजे तिने आधी दोनदा जेवढं केलं होतं त्याहून संथ धावून! त्याच महिन्यात इंग्लंडमध्ये १३.११ आणि नेदरलँड्समध्ये १३.०४. ऑक्टोबरमध्ये गांधीनगरच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत १२.७९, पण पुन्हा वाऱ्याने खाल्ले. काही दिवसांतच बंगळुरूला १२.८२, या वेळी वारा मर्यादेत. तेरा सेकंदांच्या आत रीतसर धावलेली ती पहिली भारतीय महिला. या काळात तिचा सराव भुवनेश्वरला प्रशिक्षक जेम्स हिलियर यांच्याकडे चालला होता.

त्यामुळे चेंगदूचं कांस्य तिच्यासाठी अवचित आलेलं नव्हतं. जुलैमध्येच तिने बँकॉकला आशियाई अजिंक्यपद जिंकलं होतं. वू यान्नीशी तिची गाठ ऑक्टोबरमध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पुन्हा पडली. तिथे वूची चुकीची सुरुवात (बंदुकीच्या आधीच धावणं) गाजली, ती बाद ठरली आणि ज्योतीचं कांस्य रौप्य झालं.

पॅरिस ऑलिंपिकसाठी थेट पात्रतेची वेळ होती १२.७७. चेंगदूच्या १२.७८ ला त्यात एक शतांश कमी पडला. मे २०२४ मध्ये फिनलंडला ती पुन्हा अगदी तेवढ्याच, १२.७८ सेकंदांत आली. शेवटी जागतिक क्रमवारीच्या आधारे ती पॅरिसला गेली, या शर्यतीत ऑलिंपिकला उतरलेली पहिली भारतीय म्हणून.