पोश्वार फॅशनचित्र

शाईच्या रेषेवर स्टेन्सिलने हाती रंग भरलेले छापील चित्र. फ्रेंचमध्ये पोश्वार म्हणजे स्टेन्सिल. तंत्र जुनेच, त्याला प्रतिष्ठा दिली ती पॉल इरीबने पोशाखकार पॉल प्वारेसाठी १९०८ मध्ये काढलेल्या २५० प्रतींच्या आल्बमने. पुढे पॅरिसच्या ‘गाझेत द्यू बाँ ताँ’ (१९१२–२५) या नियतकालिकात जॉर्ज बार्बिए, जॉर्ज लपाप यांची अशी चित्रे येत.

या चित्रांत बरेचदा दोन स्त्रिया दिसतात, एक समोरून आणि दुसरी पाठमोरी. कारण अगदी व्यवहारी आहे: गिऱ्हाइकाला पोशाखाची पाठही पाहायची असते.

मूळ रेखाटन टाकाने किंवा बारीक कुंचल्याने काळ्या शाईत होई. (इंग्रज या शाईला ‘इंडियन’ म्हणतात, फ्रेंच ‘चिनी’.) ते छपाईच्या आकाराहून मोठे काढत, म्हणजे कॅमेऱ्याने लहान करताना हाताचा कंप झाकला जाई. मात्र फार दाट रेघा लहान झाल्यावर शाईने बुजतात आणि केसासारख्या रेषा तुटतात. लाइन ब्लॉकला, म्हणजे रेषाचित्र छापायच्या धातूच्या ठशाला, काळे आणि पांढरे एवढेच कळते. पाणी घालून फिकी केलेली शाई एकतर उडून जाते, नाहीतर काळीठिक्कर उमटते. चूक पांढऱ्या गॉशने (अपारदर्शक जलरंगाने) झाकली की काम भागे.

रेषा छापून झाल्यावर रंगाची पाळी. प्रत्येक रंगासाठी पत्र्याचा वेगळा साचा कापावा लागे. एका चित्राला वीस-तीस साचे सहज लागत. कागद प्रत्येक वेळी त्याच कोपऱ्याला टेकवायचा. आखूड केसांच्या जाड, गोल कुंचल्याने रंग द्यायचा, तोही बेताने, कारण रंग पातळ असला तर पत्र्याखाली झिरपून झग्याची कड फुगते, आणि साचा जरासा सरकला तर रंग आणि रेषा यांच्यात कागदाची पांढरी फट राहते. चेहरे व हात बहुधा कोऱ्या कागदाचेच ठेवत, खर्च झग्यावर.

अस्सल प्रत ओळखायला भिंग पुरते. रंगाच्या पट्ट्यात कुंचल्याचे माग आणि कडेला साठलेल्या रंगाची किंचित उंच धार दिसते. ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती नंतरची यांत्रिक नक्कल समजावी. एकाच चित्राच्या दोन प्रतींत छटा थोडी वेगळी असली म्हणून शंका घेऊ नये. हातकामात तसे होतेच.