तेंदूपत्ता हंगाम आणि ग्रामसभा (पूर्व विदर्भ)

तेंदू म्हणजे टेंभुर्णी. तिच्या पानात विडी वळतात. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, भंडारा जिल्ह्यांतील जंगलगावांत पाने तोडण्याचे काम उन्हाळ्यात जेमतेम पंधरा-वीस दिवस चालते. मात्र शेतीची कामे थंडावली असताना मिळणारी ही रोख रक्कम खरिपाच्या बियाण्यापर्यंत पुरवायची असते.

घरची माणसे पहाटेच्या अंधारातच जंगल गाठतात. मग अंगणात पाने जुळवून ७० पानांचा एक पुडा बांधतात. त्यात म्हाताऱ्यांचे आणि पोरांचेही हात लागतात. पुडे फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. मजुरी शेकडा पुड्यांवर. हजेरीपट नाही, त्यामुळे भविष्यनिर्वाह निधीची बातच नको. पुडे मोजून घेणाऱ्या मुन्शीने सैल बांधलेला किंवा भोके पडलेल्या पानांचा पुडा बाजूला टाकला की तेवढी मेहनत फुकट. चंद्रपूरकडे वाघाची धास्ती असते ती वेगळीच.

१९६९ च्या कायद्याने तेंदूचा व्यापार शासनाकडे गेला, तरी लिलावात जंगलाचा भाग घेणारा ठेकेदार राहिलाच. १९८० च्या दशकात नक्षलवाद्यांनी मजुरीचे दर वाढवून घेतले, पण बंदुकीच्या धाकाने. हिशेबाची वही मजुराच्या हाती आली नाही.

ती येण्याची वाट १९९६ चा पेसा (आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी मोकळी केली. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूविक्रीचा अधिकार. पुढे अनेक ग्रामसभा तेंदूचाही लिलाव स्वतः करू लागल्या. एकट्या गावाला व्यापारी जुमानत नाही, म्हणून शेजारची गावे मिळून बोली लावून घेतात. कोरची तालुक्यात तर महाग्रामसभाच उभी राहिली. मोजणी गावातलाच कुणी शिकलेला करतो. मजुरीशिवायची रॉयल्टी ग्रामसभेच्या खात्यात येते, तिचे वाटप पुड्यांच्या नोंदीवरून होते. व्यापाऱ्याने पैसे थकवले की मात्र सगळे अडते. करारनामा करताना आगाऊ रक्कम घ्यायची, हे काही गावे ठेच लागून शिकली.

काम तरी पंधरा-वीस दिवसांचेच राहिले. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने तेंदूतोड बंदच केली: पानांसाठी झाडे छाटावी लागतात, जंगलाला आगी लागतात, आणि टेंभरं (टेंभुर्णीची फळे) खायला उरत नाहीत. २०१२ मध्ये वनहक्क मिळाल्यावर तिथल्या लोकांनी बांबूतोडीवर भर दिला. हे काम पावसाळा सोडून बरेच महिने पुरते.