औषधगतिकी

शरीरात गेलेल्या औषधाचे शोषण, वितरण, चयापचय व उत्सर्जन यांचा कालमानानुसार गणिती अभ्यास करणारी औषधक्रियाविज्ञानाची शाखा.

शाखेच्या उगमाविषयी एकमत नाही. स्वीडिश शास्त्रज्ञ टॉर्स्टेन टेओरेल यांच्या १९३७ मधील दोन निबंधांपासून बहुतेक ग्रंथकार आरंभ धरतात. शरीर म्हणजे एकमेकांना जोडलेले कप्पे आणि त्यांतून ठरावीक वेगाने होणारी औषधाची ये-जा, अशी त्यांची मांडणी. तथापि त्यांचेच देशबांधव एरिक विडमार्क यांनी रक्तातील मद्यार्क कसा घटतो याची समीकरणे आधीच बसवली होती. १९२४ मध्ये टांडबर्ग यांच्यासह त्यांनी एककप्पी (सबंध शरीर एकच कप्पा मानणारे) प्रतिमानही मांडले. शाखेचे नाव जर्मन बालरोगतज्ज्ञ एफ. एच. डोस्ट यांच्या १९५३ च्या ग्रंथामुळे रूढ झाले. टेओरेल यांना जनक म्हणण्याचा प्रघात असला, तरी प्रत्यक्ष मोजमापाचा पाया विडमार्क यांच्याकडे जातो, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

तोंडावाटे घेतलेले औषध मुख्यतः लहान आतड्यात शोषले जाते. आतड्याच्या आतील पृष्ठाचे क्षेत्रफळ जुन्या पाठ्यपुस्तकांत २०० चौ. मी. किंवा अधिक दिलेले आढळते. २०१४ च्या एका स्वीडिश मोजणीत सबंध पचनमार्गाचेच ते सु. ३२ चौ. मी. भरले. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दूध वा ताकाबरोबर घेतल्यास कॅल्शियमशी जखडले जाते. लोहाच्या गोळीवर लगेच चहा घेतल्यास शोषण घटते. शोषलेले औषध आधी यकृतातून जाते आणि तेथेच त्याचा बराच भाग खर्ची पडू शकतो. रक्तदाबावरील प्रोप्रॅनोलॉल जवळजवळ पूर्ण शोषले जाऊनही सु. एक-चतुर्थांशच रक्ताभिसरणात पोचते. हृदयशूलावरील नायट्रोग्लिसरीन जिभेखाली ठेवतात ते यकृताचा हा टप्पा टाळण्यासाठी.

वितरणाच्या टप्प्यात, रक्त गोठू न देणारे वॉर्फरिन सु. ९९ टक्के रक्तातील प्रथिनांना चिकटलेले असते. उत्सर्जन मुख्यतः मूत्रपिंडांवाटे, काही अंशी पित्तावाटे होते.

औषधगतिकीचा एक प्रत्यक्ष उपयोग बडोद्यात दिसतो. तेथील कलाभवन (१८९०) या सयाजीरावकालीन संस्थेशी निगडित त्रि. क. गज्जर तसेच कोटिभास्कर व भाईलाल अमीन यांच्या प्रयत्नांतून १९०७ मध्ये अलेंबिक हा कारखाना उभा राहिला. आरंभी तेथे टिंक्चर व मद्यार्क तयार होई. या कंपनीचे जैवसमतुल्यता केंद्रही (नव्या गोळीतून औषध मूळ गोळीसारखेच रक्तात पोचते का, हे तपासणारे) आज शहरातच आहे. अशा केंद्रांत निरोगी स्वयंसेवकांना रात्रभर उपाशी ठेवून सकाळी मूळ किंवा नवी गोळी देतात, हाताच्या शिरेत बसवलेल्या बारीक नळीतून (कॅन्युला) ठरल्या वेळी रक्त घेतात आणि मध्ये पुरेसा खंड ठेवून दुसरी गोळी देऊन तेच पुन्हा करतात. औषधाची रक्तातील कमाल पातळी व पातळी-काळ आलेखाखालील क्षेत्रफळ यांच्या नव्या-मूळ गोळीतील गुणोत्तराचे ९० टक्के विश्वासांतर (मोजणीतील अनिश्चितता धरून गुणोत्तराचा पल्ला) ८० ते १२५ टक्क्यांत बसले, तर गोळ्या समतुल्य मानतात. यावरून औषध २० टक्के कमी असले तरी चालते, असा अर्थ काढला जातो तो बरोबर नाही : केवळ सरासरी नव्हे, तर सबंध विश्वासांतरच मर्यादेत बसावे लागते.

अन्नाचा शोषणावर होणारा परिणाम पाहण्यासाठी काही औषधांची जेवणानंतरही चाचणी होते. अमेरिकी नियमावलीतील नमुना न्याहारी ८०० ते १,००० उष्मांकांची, निम्मे उष्मांक स्निग्धांशातून येणारी : लोण्यात तळलेली अंडी, बेकन, टोस्ट, बटाटे, दूध. पर्याय चालतो, मात्र उष्मांकांबरोबर घनफळ आणि दाटपणाही जुळावा लागतो. शाकाहारी स्वयंसेवकांसाठी असा बेत बसवणे दिसते तितके सोपे नाही.