कुंडीतली जिवंत माती: भरायची कशी, भरवायची कशी, पुन्हा वापरायची कशी

हे पत्रक आमच्या तयार मिश्रणाच्या पिशवीबरोबर येतं. घरी स्वतः मिश्रण करणाऱ्यांनाही उपयोग व्हावा म्हणून प्रमाणं उघड दिली आहेत. पिशवीतही हेच असतं.

"झाड पिवळं पडलंय, काय घालू?" हा आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. बहुतेक वेळा उत्तर असतं: आज काही घालू नका, आधी मातीत बोट घालून बघा. जिवंत मातीत खत थेट झाडाच्या तोंडी पडत नाही. पेंड आणि खत आधी जिवाणू-बुरशी खातात, त्यांना त्यांच्याहून थोडे मोठे सूक्ष्मजीव खातात, आणि या खादाडीतून सुटलेलं नत्र (नायट्रोजन) अमोनियम आणि नायट्रेटच्या रूपात मुळांना मिळतं. या साखळीला ओल, हवा आणि ऊब तिन्ही लागतात. एक बिघडलं की घातलेलं खत नुसतं पडून राहतं, आणि परिस्थिती सुधारली की सगळं एकदम सुटून मुळं भाजतात. कुंडीतल्या तक्रारी खताच्या कमी, पाण्याच्या आणि घाईच्या जास्त असतात.

मिश्रण

१० लिटरची बादली माप म्हणून घ्या.

भिजवून फुललेलं कोकोपीट २ बादल्या
गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं कंपोस्ट २ बादल्या
परलाइट (भाजून फुलवलेला हलका पांढरा खडक), प्यूमिस (सच्छिद्र ज्वालामुखी खडक) किंवा भाताचं तूस २ बादल्या
निंबोळी पेंड १२० ग्रॅम
हाडांचा चुरा १०० ग्रॅम
समुद्री शेवाळाची भुकटी ६० ग्रॅम
जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) १०० ग्रॅम
बेसॉल्टची दगडपूड १ किलो

सहा बादल्या घालूनही ६० लिटर भरत नाही. बारीक कण जाड कणांच्या फटीत बसतात आणि हाती ५० ते ५५ लिटर येतं. माप चुकलं असं समजून वर आणखी खत ओतू नका.

यात बागेतली माती नाही, ती मुद्दाम वगळली आहे. जमिनीवर उत्तम असलेली चिकणमाती कुंडीत दोन महिन्यांत दगड होते, कारण तिला भुसभुशीत ठेवणारी गांडुळं, खोल मुळं आणि खालचा निचरा कुंडीत नसतो. ओळखीची, निरोगी माती हाताशी असेल तर बादलीभर मिश्रणात दोन मुठी विरजणासारख्या घाला, त्याहून जास्त नको.

कोकोपीटकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेच घोटाळा होतो. नारळाच्या काथ्याच्या या भुशात सोडियम आणि पोटॅशियम धरून ठेवलेलं असतं. न धुता वापरलं तर ते क्षार मुळांशी राहतात, वर पाण्यातलं कॅल्शियम कोकोपीट स्वतःकडे ओढून घेतं आणि टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतं. म्हणून ठोकळा भिजवून फुलवा, पाणी निथळून टाका, पुन्हा भरा, पुन्हा निथळा. शेवटच्या पाण्यात लिटरला २ ग्रॅम जिप्सम विरघळवून रात्रभर भिजत ठेवा आणि सकाळी निथळा. पाण्यात जिप्सम साधारण एवढंच विरघळतं; जास्त घातलेलं तळाशी बसतं. ५ किलोच्या ठोकळ्याचे फुलून साठ-सत्तर लिटर होतात, तेव्हा मोठं पिंप घ्या.

तूस स्वस्त आणि हलकं, पण वर्षा-दीड वर्षात कुजून जातं; परलाइट आणि प्यूमिस टिकतात. परलाइट ओतण्याआधी पिशवीतच पाणी शिंपडा, त्याची धूळ फुफ्फुसांना चांगली नाही. एरंडीची पेंड मात्र आम्ही वापरत नाही. तिच्यात रिसिन हे विष राहू शकतं, आणि कुत्र्यांना पेंडीचा वास आवडतो. हाडांच्या चुऱ्याच्या वासानेही ती कुंड्या उकरतात, म्हणून घरात कुत्रं असेल तर चुरा खोल मिसळा, वर भुरभुरू नका.

कालवताना आधी सगळ्या पुडी गांडूळखतात एकजीव करा, मग त्यात कोकोपीट, आणि सर्वांत शेवटी परलाइट. परलाइट आधी घातलं तर फावड्याखाली त्याचा चुरा होतो.

मुरवणं

कालवलेली माती लगेच भरायची नाही. लोणच्यासारखी ती मुरावी लागते.

ओल अशी हवी: मूठभर मिश्रण घट्ट दाबलं की बोटांच्या फटीतून एखाद-दोन थेंब यावेत, मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहावा आणि अंगठा टेकवताच फुटावा. धार लागली तर ओल जास्त. लाडूच वळला नाही तर पाणी कमी. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तो हाच.

ढीग ताडपत्रीने सैल झाका, हवा जाऊ द्या. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आत हात घातला तर ऊब जाणवते. पेंडीतल्या प्रथिनांपासून अमोनिया तयार होत असतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू सावकाश वाढतात, आणि तोपर्यंत ही माती कोवळ्या मुळांना भाजते. दर पाच-सहा दिवसांनी ढीग वरखाली करा. हाताला चटका बसण्याइतका तापला तर त्याच दिवशी उलथा. पांढरी कापसासारखी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती कामाला लागलेली बुरशी आहे. साधारण तीन आठवडे लागतात, थंडीत पाच-सहा.

वास घेऊन बघा. पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर माती तयार आहे. तो गंध मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू सोडतात. डोळ्यांना झोंबणारा वास म्हणजे अमोनिया अजून शिल्लक आहे, आणखी एक आठवडा थांबा. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवाच नाही. पसरून सुकवा, कोरडं परलाइट किंवा तूस मिसळा.

खात्री हवी असेल तर वाटीभर मातीत मोहरीचे दहा दाणे टाका. चार-पाच दिवसांत आठ तरी उगवावेत. एक रोप हलकेच उपटून मुळाचं टोक बघा. पांढरं असेल तर कुंड्या भरा. तपकिरी आणि बोथट असेल तर माती अजून मुळं भाजणारी आहे. पिशवीतलं मिश्रण मुरवलेलं असतं, त्याला ही वाट बघावी लागत नाही.

भरताना

तळाशी खडी, विटांचे तुकडे किंवा खापऱ्या घालू नका. निचरा सुधारतो असा समज फार जुना आहे, पण घडतं उलट. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहज उतरत नाही. ते सीमेवर अडून राहतं आणि पाण्याने भिजलेला थर खडीइतका वर सरकतो. म्हणजे मुळांना मिळणारी कोरडी जागा तुम्हीच कमी केली. तळभोकावर जाळीचा तुकडा पुरेसा आहे. कुंडी विटांवर ठेवून खाली बोटभर फट सोडा.

पालेभाजीला १५ ते २० सेंटिमीटर खोली चालते. टोमॅटो, वांगी, मिरची यांना २० ते २५ लिटर माती द्या. १० लिटरच्या आतल्या कुंडीत ओल आणि तापमान इतकं वरखाली होतं की सूक्ष्मजीवांची घडी बसतच नाही. तिथे जिवंत मातीपेक्षा साधं मिश्रण आणि पातळ खत बरं. वर चार-पाच सेंटिमीटर जागा मोकळी ठेवून सुक्या पानांचं तीनेक सेंटिमीटर आच्छादन घाला, खोडापासून दोन बोटं लांब. ही पानं मातीत मिसळू नका. कार्बन जास्त असलेला पाचोळा किंवा लाकडाचा भुसा आत गेला की तो कुजवण्यासाठी जिवाणू मातीतलं नत्र स्वतःच वापरतात आणि झाड उपाशी राहतं. वर पसरलेला असला की हा त्रास होत नाही.

पाणी

बोट दोन पेरं आत घाला. आत ओल लागली तर आज पाणी नको. २० लिटरच्या कुंडीला एका वेळी एक ते दीड लिटर, तेही दोन हप्त्यांत, मध्ये दहा मिनिटं थांबून. पहिलं पाणी मातीला पाणी शोषायला तयार करतं, दुसरं आत उतरतं.

माती पार वाळू देऊ नका. वाळलेलं कोकोपीट आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि पाणी त्या फटीतून सरळ तळभोकातून बाहेर येतं. ताटलीत पाणी दिसतं, आपल्याला वाटतं भिजली, आणि मधला गोळा कोरडाच असतो. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवा.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची धास्ती घेऊ नका. मातीतला सेंद्रिय भाग ते वरच्या थरातच निकामी करतो. मनाचं समाधान हवं असेल तर बादली दिवसभर उघडी ठेवा. पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर मात्र ते असं उडून जात नाही.

भरवणं

नव्या मिश्रणाला पहिले चार-पाच आठवडे काही लागत नाही. पुढे दर पाच आठवड्यांनी, २० लिटरच्या कुंडीला: अर्धा लिटर गांडूळखत आणि २० ग्रॅम निंबोळी पेंड. आच्छादन बाजूला सारा, खुरपीच्या टोकाने वरचा एक-दीड सेंटिमीटर थर हलकेच सैल करा, खत पसरा, आच्छादन परत ओढा, पाणी द्या. आच्छादनावर टाकलेली पेंड वाळून बुरसटते आणि चिलटं बोलावते.

पेंडीचा परिणाम दिसायला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस लागतात, थंडीत तीन आठवडे. म्हणून पान पिवळं पडायच्या आधी भरवायचं. पिवळं पडलंच तर कुठलं पान पिवळं झालं ते पाहा. खालची जुनी पानं सरसकट फिकी असतील तर बहुधा नत्र कमी आहे. शेंड्याची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह अडलं आहे, आणि ते बहुधा माती विम्लधर्मी (अल्कलाइन) झाल्याने. मातीचा सामू (पीएच) ६.२ ते ६.८ असावा. राख, चुना घालणाऱ्यांकडे हे हमखास दिसतं. आणि सगळंच झाड मलूल, माती ओली असेल तर मुळं गुदमरली आहेत, खताचा संबंध नाही.

तातडीला एक लिटर गांडूळखत दहा लिटर पाण्यात ढवळून, गाळून त्याच दिवशी द्या. गूळ किंवा मळी घालून दिवसभर बुडबुडे काढलेला 'चहा' आम्ही सुचवत नाही. खर्चाच्या मानाने फायदा दिसत नाही, आणि गोडावर नको ते जिवाणूही फोफावतात. कच्च्या खायच्या पानांवर तर तो कधीच फवारू नका.

हाडांचा चुरा पुन्हा पुन्हा घालू नका. स्फुरद (फॉस्फरस) मातीत साचत जातं, आणि ते मुबलक असलं की मुळं मायकोरायझा बुरशीशी, म्हणजे मुळांना स्फुरद पुरवणाऱ्या बुरशीशी, नातंच जोडत नाहीत. कोबी, मोहरी, मुळा, पालक, बीट यांच्या मुळांवर तर ही बुरशी राहतच नाही, तेव्हा त्यांच्यासाठी तिची पुडी विकत घेणं वाया. बाकी झाडांना ती लावणीच्या वेळी थेट मुळांना चोळा.

पुन्हा वापर

पीक संपलं की झाड उपटू नका. खोड मातीलगत कापा. बारीक मुळं आत कुजून त्यांच्या वाटा हवा-पाण्यासाठी मोकळ्या राहतात. फक्त खोडाखालचा मुठीएवढा लाकडी गड्डा खुरपीने काढा, नव्या रोपाला जागा हवी.

पण त्याआधी एक-दोन मुळं धुऊन बघा, हे टाळू नका. मुळांवर गाठी असतील तर नखाने खरवडा. चटकन सुटून आली आणि फोडल्यावर आत गुलाबी असेल तर ती शेंगवर्गीय पिकाची नत्राची गाठ, उत्तम. मूळच फुगलेलं असेल, गाठ सुटत नसेल तर सूत्रकृमी (मुळांत शिरणारे अतिसूक्ष्म कृमी) आहेत. झाड हिरवं असतानाच अचानक माना टाकून मेलं असेल तर खोडाचा ताजा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरा. काही मिनिटांत दुधासारखी धार उतरली तर जिवाणूजन्य मर. मर रोगाची ही माती भाजीच्या कुंडीत परत नको, ओळखीच्या कुणाला देऊही नका. सूत्रकृमींची माती ओली करून, पातळ थरात, पारदर्शक प्लास्टिकखाली कडक उन्हात चार ते सहा आठवडे तापवता येते. त्यात चांगले जीवही मरतात, म्हणून नंतर गांडूळखत घालून दोन आठवडे मुरवा.

निरोगी मातीचं काम सोपं आहे. एका हंगामात ती दहा-वीस टक्के खाली बसते, कारण सेंद्रिय भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. तेवढी भर गांडूळखताने घाला. २० लिटरला ४० ग्रॅम निंबोळी पेंड वरच्या थरात मिसळा. माती दाबल्यावर चिखलासारखी लागत असेल तर एक-दोन लिटर परलाइट घाला. कडेला पांढरे क्षार जमले असतील तर खत घालण्याआधी कुंडीच्या दुप्पट पाणी सावकाश सोडून धुवा. मग आच्छादन, ओल, दोन-तीन आठवडे विश्रांती. त्याच कुळातलं पीक लागोपाठ घेऊ नका: टोमॅटोनंतर वांगं किंवा मिरची नको, शेंगभाजी चालेल.

वर बारीक काळी चिलटं उडत असतील तर माती सतत ओली आहे. वरचे दोन-तीन सेंटिमीटर वाळू द्या, पिवळा चिकट कागद लावा. पांढऱ्या, उड्या मारणाऱ्या सूक्ष्म किड्यांना हात लावू नका, ते कुजकं खातात. जाड, पांढरी, इंग्रजी 'सी'सारखी वळलेली अळी मात्र हुमणी. ती अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येते आणि मुळं खाते. वेचून काढा, आणि पुढच्या वेळी खत चाळून घ्या.

उरलेली पिशवी घट्ट बांधू नका. तोंड दुमडून, बाजूला चार-पाच भोकं पाडून सावलीत ठेवा, आणि महिन्याला एकदा मूठभर माती दाबून ओल बघा.