ऑक्सिमीटरवर ९९, तरी श्वास मिळेना

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला नाशिकहून मावशीचा फोन आला. "अरे, ह्याला श्वासच घेता येत नाहीये." मी व्हिडिओ कॉल लावला. मावसभाऊ पलंगावर ताठ बसलेला, अंगाला घाम, हात थरथरत होते. करोनाच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावलेला होता आणि त्यावर आकडा दिसत होता ९९. नाडी मात्र १३० च्या पुढे. "मी मरतोय रे," तो म्हणाला. मागून कुणीतरी सांगत होतं, खोल श्वास घे, अजून खोल. मीही तेच सांगितलं. त्याने मनापासून ऐकलं, आणि दोन-तीन मिनिटांत त्याच्या बोटांना मुंग्या आल्या, ओठांभोवती बधिर झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली.

दवाखान्यात ईसीजी काढला, रक्त तपासलं. सगळं व्यवस्थित. "पॅनिक अटॅक आहे, टेन्शन घेऊ नका," असं सांगून त्याला घरी पाठवलं. पुढचे चार महिने तो टेन्शन येऊ नये म्हणून जिवाच्या आकांताने धडपडला आणि त्या चार महिन्यांत झटके वाढतच गेले. लिफ्ट सुटली, सिनेमा सुटला, मग मुंबईला येणंही सुटलं.

त्या रात्री त्याच्या शरीरात काय चाललं होतं ते नीट पाहिल्याशिवाय, अशा भीतीवर उपाय म्हणून सांगितल्या जाणाऱ्या 'स्वीकार' या शब्दाला काही अर्थ येत नाही. नाहीतर तो शब्द सकाळच्या सुविचारांत जाऊन बसतो. म्हणून आधी थोडं रसायनशास्त्र.

श्वास आपण ऑक्सिजनसाठी घेतो, हे शाळेत शिकलो ते खरंच आहे. पण पुढचा श्वास कधी घ्यायचा हे ठरवताना मेंदू प्रामुख्याने बघतो कार्बन डायऑक्साइडकडे. ऑक्सिजन बराच खाली गेल्यावरच त्याची दखल घेतली जाते. करोनात काही रुग्णांचा आकडा ८० च्या आसपास येऊनही ते शांतपणे फोनवर बोलत होते, ते यामुळेच. माझ्या मावसभावाचं अगदी उलट झालं होतं. ऑक्सिजन भरपूर, आणि तरी गुदमरल्याची खात्री.

पेशींत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की कार्बोनिक आम्ल होतं, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात आणि पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, खाली येतो (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त). निरोगी माणसाच्या धमनीतल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राहतो. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक गाळणी आहे. हायड्रोजन आयनांना ती सहज ओलांडता येत नाही, पण कार्बन डायऑक्साइड आरपार जातो आणि पलीकडच्या द्रवात पुन्हा आम्ल तयार करतो. मस्तिष्कपुच्छातल्या, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागातल्या, काही चेतापेशी त्या आम्लाची चव सतत घेत असतात. आम्ल वाढलं की श्वास जलद, कमी झालं की संथ. मला शरीराची ही रचना फार सुंदर वाटते: हवा किती हवी हे शरीर आंबटपणावरून ठरवतं.

आता घाबरलेला माणूस भराभर, खोल श्वास घेतो तेव्हा काय होतं बघा. रक्तात ऑक्सिजन आधीच जवळजवळ पूर्ण भरलेला असतो, त्यात आणखी भर पडत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र झपाट्याने बाहेर फेकला जातो आणि रक्त अल्कधर्मी होऊ लागतं. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. धमनीत या वायूचा दाब एरवी पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास असतो. तो एक मिलिमीटरने उतरला की मेंदूचा रक्तपुरवठा साधारण ३ टक्क्यांनी घटतो. म्हणून अंधारी. त्याच वेळी हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट धरून ठेवतं. हा बोर परिणाम, अणूची रचना मांडणाऱ्या नील्स बोर यांचे वडील ख्रिश्चन बोर यांनी १९०४ मध्ये दाखवलेला.

आणि मुंग्या? त्या कॅल्शियममुळे. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्यावर काही जागा हायड्रोजन आयनांनी अडवलेल्या असतात. रक्त अल्कधर्मी झालं की ते आयन उठून जातात, आणि रिकाम्या जागांवर कॅल्शियमचे आयन येऊन बसतात. रक्तातलं एकूण कॅल्शियम तेवढंच, पण मोकळं फिरणारं कॅल्शियम कमी. मोकळं कॅल्शियम कमी झालं की चेतातंतू उतावीळ होतात, कारण नसताना संदेश पाठवू लागतात. बोटं आणि ओठ आधी झिणझिणतात. म्हणजे त्या रात्रीची निम्मी लक्षणं आम्ही सगळ्यांनी मिळून, 'अजून खोल, अजून खोल' म्हणत, तयार केली होती.

ही गोष्टीची एक बाजू. दुसरी बाजू प्रयोगशाळेतून कळली आणि ती अधिक चक्रावून टाकणारी आहे. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइड असतो सुमारे ०.०४ टक्के. आपण सोडलेल्या श्वासात साधारण ४ टक्के. ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक श्वास दिला तर पॅनिकचा विकार असलेल्या बऱ्याच जणांना तिथेच झटका येतो. इतरांपैकी बहुतेकांना येत नाही. यावरून अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी १९९३ मध्ये मांडलं की मेंदूत गुदमरण्याचा एक गजर बसवलेला आहे आणि काही माणसांत तो नको तेव्हा वाजतो.

भीतीचं केंद्र म्हणून बदामाच्या आकाराच्या ज्या ॲमिग्डलाचं नाव घेतलं जातं, त्याचा याच्याशी संबंध असेलच असं कुणालाही वाटेल. संशोधकांनाही वाटलं. वैज्ञानिक साहित्यात 'एस. एम.' या अक्षरांनी ओळखली जाणारी एक स्त्री आहे. दुर्मीळ आनुवंशिक आजाराने तिच्या मेंदूतले दोन्ही ॲमिग्डला नष्ट झाले. साप हातात घेताना ती घाबरली नाही. भुताटकीसाठी प्रसिद्ध असलेल्या जागी नेलं तर ती सगळ्यांच्या पुढे चालत राहिली. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी तिला आणि तसाच आजार असलेल्या आणखी दोघींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा एक श्वास दिला. त्यांचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिघींनाही जबरदस्त पॅनिक अटॅक आला. सापाला न घाबरणारी बाई स्वतःच्या रक्तातल्या आंबटपणाला घाबरली.

याचा अर्थ मला असा लागतो: हा गजर ॲमिग्डलावाचूनही वाजू शकतो, इतका तो खोलवर आणि जुना आहे. 'घाबरू नकोस' या वाक्याला त्या खोलीपर्यंत पोचायला वाटच नाही.

मग माणसाच्या हातात काय उरतं? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचं एक चक्र मांडलं. छातीत धडधड होते. मन तिचा अर्थ लावतं, 'हार्ट अटॅक'. त्या अर्थाने भीती वाढते, ॲड्रेनालिन हे संप्रेरक सुटतं, धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड त्या अर्थाचा पुरावा ठरते. चक्रातली पहिली धडधड आपल्या हातात नाही. ती चहाने येते, जिन्याने येते, उन्हाने येते, कधी कशानेच येत नाही आणि तरी येते. पण तिच्याकडे 'हे आत्ताच्या आत्ता थांबलं पाहिजे' म्हणून पाहणं ही चक्रातली पुढची कडी आहे. थांबलं की नाही हे तपासायला दर क्षणी आत डोकवावं लागतं, आणि जो सतत आत डोकवतो त्याला प्रत्येक ठोका ऐकू येतो. माकडाची आठवण न काढता औषध घ्यायचं, नाहीतर गुण येणार नाही, ही गोष्ट आजीने सांगितली असेल. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांनी १९८७ मध्ये माकडाच्या जागी पांढरं अस्वल घेऊन तिचाच प्रयोग केला: अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिल्या.

इथे मावशीबद्दल सांगायला हवं. तिने त्या रात्री मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या आणि थोड्या वेळाने भाऊ खरंच शांत झाला. दृष्ट लागली होती, असं ती आजही म्हणते. पॅनिकचा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिखरावर जातो आणि मग आपोआप उतरतो. ॲड्रेनालिन शरीरात फार वेळ टिकत नाही. त्यामुळे त्या वेळात जे कराल त्याला गुण येतो: मीठ-मोहऱ्या, ताईत, लिंबूपाणी, मोबाइलवरचं श्वासाचं ॲप. मावशीच्या मोहऱ्यांनी कुणाचं नुकसान झालं नाही. पण असल्याच झटक्यांना 'बाहेरची बाधा' ठरवून मुलीबाळींना मांत्रिकाकडे नेणारी घरं मी पाहिली आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि 'विचार बदला, २१ दिवसांत भीती गायब' असं विकणाऱ्या शिबिरांबद्दलही मला तितकाच राग आहे. घाबरलेल्या माणसाला ती आणखी एक परीक्षा देतात, आणि तो नापास झाला की दोष त्याचाच.

आता ज्या प्रयोगासाठी हे सगळं सांगितलं, तो. बॉस्टनमधल्या संशोधकांनी पॅनिकचा विकार असलेले ६० जण घेतले. निष्कर्ष २००४ मध्ये आले. सगळ्यांना पंधरा मिनिटं ५.५ टक्के कार्बन डायऑक्साइडची हवा घ्यायची होती, म्हणजे गजर मुद्दाम वाजवायचा होता. त्याआधी प्रत्येकाला दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. एका गटाला सांगितलं, भावना येतील, त्यांना येऊ द्या, त्यांच्याशी झगडू नका. दुसऱ्याला सांगितलं, भावना दाबून धरा. तिसऱ्याला विषयाशी संबंध नसलेलं काहीतरी ऐकवलं. निकाल मला वाचल्यापासून विसरता आलेला नाही. शरीराच्या मोजमापांत गटागटांत फरक नव्हता. पॅनिकची लक्षणंही सगळ्यांनी सारखीच नोंदवली. पण 'येऊ द्या' ऐकलेल्या गटाची चिंता कमी होती, आणि हाच प्रयोग पुन्हा करायला ते इतरांपेक्षा जास्त तयार होते.

धडधड तेवढीच, आणि तरी पुन्हा त्या खोलीत जायची तयारी. लिफ्ट सोडलेल्या माणसाला यापेक्षा वेगळं काय हवं असतं?

स्वीकाराला मध्यवर्ती जागा देणारी एक उपचारपद्धती १९८० च्या दशकात अमेरिकेत स्टीव्हन हेज यांनी घडवायला सुरुवात केली. हेज यांना स्वतःला पॅनिक अटॅक यायचे आणि त्यांनी ते उघडपणे सांगितलं आहे. त्याआधी १९५५ मध्ये अल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला. 'मला अस्वस्थ वाटताच कामा नये' अशी स्वतःकडे आणि जगाकडे केलेली मागणी त्यांनी दुखण्याच्या मुळाशी धरली. मराठीत तो विचार कि. मो. फडके यांनी आयुष्यभर समजावून सांगितला.

प्रत्यक्षात हे कसं करतात? माझ्या भावाला समुपदेशक मॅडमनी पहिल्या आठवड्यात खुर्चीत गरागरा फिरवलं, शीतपेयाच्या नळीतून एक मिनिट श्वास घ्यायला लावला, चार मजले पळत चढवले. म्हणजे ज्या संवेदनांपासून तो पळत होता त्याच मुद्दाम आणायच्या आणि त्यांच्याबरोबर बसायचं. खिशातली गोळी आणि पाण्याची बाटली घरी ठेवायची, कारण ती जवळ असली की मेंदू म्हणतो, 'बाटली होती म्हणून वाचलो.' यातून जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी एक नवी आठवण तयार होते, 'धडधड झाली आणि काही झालं नाही', आणि कपाळामागचा मेंदूचा भाग त्या आठवणीच्या जोरावर गजराला आवर घालायला शिकतो. झटक्याच्या वेळी मनात म्हणायचं वाक्य अगदी साधं होतं: छाती धडधडतेय, भीती वाटतेय, वाटू दे. ते वाक्य भीती घालवण्यासाठी म्हटलं की चालत नाही. तो पुन्हा दाबण्याचाच प्रकार होतो. हे समजायला त्याला सहा आठवडे लागले.

एक गैरसमज मात्र मला फार खुपतो. स्वीकार म्हणजे जे वाट्याला आलं ते सोसणं, असं आपल्याकडे विशेषतः बायकांना शिकवलं जातं. मानसशास्त्रज्ञ ब्रेट फोर्ड, आयरिस मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १३०० हून अधिक लोकांवरचे अभ्यास एकत्र प्रसिद्ध केले. मनात उठणाऱ्या भावना स्वीकारणाऱ्यांचं मानसिक आरोग्य चांगलं होतं, आणि रोजनिशी लिहिणाऱ्यांच्या गटात सहा महिन्यांनंतरही तो संबंध दिसला. पण हा संबंध भावनांच्या स्वीकाराशी होता, परिस्थितीच्या स्वीकाराशी नव्हता. नवऱ्याचा मार, साहेबाचा छळ, पगार बुडवणारा मालक यांच्याशी जुळवून घ्या असं या विज्ञानात कुठेही लिहिलेलं नाही. आलेला राग मान्य करा, हे लिहिलंय. त्या रागाने तुम्ही पोलीस ठाण्यात गेलात तर त्याला या संशोधनाची काहीच हरकत नाही.

छातीत पहिल्यांदाच दुखलं, दम लागला, तर 'पॅनिक असेल' म्हणून स्वीकारत बसू नका. आधी ईसीजी. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपायही नको. दमा किंवा हृदयविकार निघाला तर तो जिवावर बेतू शकतो. तपासण्या ठीक आल्या आणि झटके तरीही येत राहिले तर सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं.

परवा भाऊ मुंबईला आला. कसारा घाटात ट्रक बंद पडला होता, बस तासभर जागची हलली नाही, खिडक्या बंद, बाहेर पाऊस. त्याने मला पाठवलेले मेसेज माझ्याकडे आहेत. ४.१० : 'सुरू झालं. खूप.' ४.१६ : 'बोटांना मुंग्या. कॅल्शियम.' ४.२७ : 'अजून आहे थोडं. शेजारच्या आजोबांनी भडंग दिलंय, खातोय.'